ओसाड कुरणांवर उगवलेले रंग : वुडस्टॉकच्या शरदाचा इतिहास

१/ सन २०२३. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील पॉमफ्रेट या सुमारे ९०० वस्तीच्या गावाने आपला एक डोंगरी रस्ता बाहेरच्या वाहनांसाठी बंद केला. मुदत होती २३ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. दरड कोसळली नव्हती, पूलही खचला नव्हता. कारण होते झाडांची पाने. त्या रस्त्याकडेच्या एका खासगी शेताचे छायाचित्र समाजमाध्यमांवर सर्वदूर पसरले होते, आणि पानांचा रंग पालटताच गाड्यांच्या रांगा लागत होत्या. अरुंद कच्च्या वाटेवर कोंडी होई, लोक खासगी आवारात शिरत, आणि अडीअडचणीला रुग्णवाहिका कशी पोहोचेल याची गावाला धास्ती वाटू लागली होती.

२/ पॉमफ्रेटला लागून वुडस्टॉक आहे. संगीत महोत्सवामुळे नाव गाजलेले वुडस्टॉक न्यूयॉर्क राज्यातले. हे व्हरमाँटमधले, ग्रीन पर्वतरांगेच्या पूर्वेकडील डोंगरउतारांतले, सुमारे ३,००० वस्तीचे. ऑटाक्वीची नदीकाठच्या या गावात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊल ठेवायला जागा नसते. येणाऱ्याला वाटते, आपण युरोपीय लोक येण्यापूर्वीचे आदिम अरण्य पाहत आहोत. वस्तुस्थिती वेगळी आहे. आज जे डोंगर लाल-केशरी दिसतात, त्यांतील बहुतेक दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी उघडे होते. हे रान एका कोसळलेल्या अर्थव्यवस्थेच्या जागेवर उगवलेले आहे.

३/ प्रारंभ अरण्यापासूनच करावा लागतो. ही भूमी अबेनाकी लोकांची. १७६१ मध्ये न्यू हॅम्पशरच्या ब्रिटिश गव्हर्नरने वुडस्टॉकची सनद दिली आणि १७६८ च्या सुमारास पहिले वसाहतकार आले. १७७७ ते १७९१ अशी चौदा वर्षे व्हरमाँट हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १७९१ मध्ये ते अमेरिकेचे चौदावे राज्य झाले. नव्या वसाहतकारासाठी दाट झाडी म्हणजे सौंदर्य नव्हते. ती शेतीतली अडचण होती. कुऱ्हाडीने झाडे पाडायची, ढीग रचायचे, पेटवायचे, हा पहिल्या काही वर्षांचा नित्यक्रम असे.

४/ ती राखही वाया जात नसे. राखेतून पाणी निथळून काढायचे, ते मोठ्या लोखंडी कढयांत आटवायचे, की खाली पोटॅश उरे. साबण, काच आणि कापड या उद्योगांना ते हवे होते आणि इंग्लंडमध्ये त्याला गिऱ्हाईक होते. अमेरिकी सरकारने १७९० मध्ये दिलेले पहिले पेटंट पोटॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीसाठीच होते, यावरून त्याचे मोल कळावे. डोंगरातल्या कुटुंबाला रोख पैसा मिळवून देणारे पहिले पीक म्हणजे, एका अर्थाने, जळालेले जंगल होते.

५/ दुसरे पीक चार पायांचे होते. स्पेनची मरिनो मेंढी तिच्या तलम लोकरीसाठी प्रसिद्ध होती आणि स्पेनने तिची निर्यात दीर्घकाळ रोखून धरली होती. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्या, राज्यव्यवस्था विस्कटली आणि सरदारांचे कळप विक्रीला निघाले. लिस्बन येथील अमेरिकी वकील विल्यम जार्विस यांनी ही संधी साधली. त्यांनी हजारो मरिनो अमेरिकेला पाठवल्या, आणि १८११ मध्ये सुमारे ४०० मेंढ्यांचा कळप व्हरमाँटमधील वेदर्सफील्ड येथील आपल्या शेतावर आणला. वेदर्सफील्ड आणि वुडस्टॉक एकाच जिल्ह्यातली.

६/ पुढील तीन दशके मरिनोचे वेडच पसरले. १८१२ च्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धाने परदेशी लोकर थांबली आणि भाव चढले. नंतर १८२४ व १८२८ च्या आयातशुल्कांनी देशी लोकरीला आडोसा दिला. १८४० च्या गणनेत व्हरमाँटमध्ये माणसे होती सुमारे २ लाख ९२ हजार, आणि मेंढ्या सुमारे १७ लाख. दर माणशी जवळजवळ सहा मेंढ्या. जिथे नांगर चालत नव्हता अशा खड्या उतारांवरही मेंढी चढते. त्यामुळे आजवर वाचलेली माथ्याकडची झाडीही कुरणासाठी तोडली गेली.

७/ हिमयुगाने या मातीत असंख्य दगड पेरून ठेवले होते. झाडे गेली, जमीन उघडी पडली आणि दर हिवाळ्यात गोठणे-वितळणे चालू झाले, की नवे दगड वर येत. ते उचलून शेताच्या कडेने रचले गेले. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, तसेच चुना-मातीविना नुसते दगडावर दगड ठेवून केलेले हे बांध. मेंढ्या त्यांनी अडत, हद्दी त्यांनी ठरत. डोंगराच्या ऐन माथ्यापर्यंत गेलेले हे गडगे त्या काळाची सर्वांत टिकाऊ खूण ठरले.

८/ उघड्या डोंगरांचे परिणाम दिसू लागले. पाऊस पडला की पाणी थेट ओढ्यात; ओढे फुगत आणि पाऊस थांबताच आटत. माती वाहून नदीत जाई, मासे कमी होत. हे सारे लहानपणापासून पाहणारा एक माणूस वुडस्टॉकमध्येच वाढला. जॉर्ज पर्किन्स मार्श, जन्म १८०१. वडील वकील, घर टॉम डोंगराच्या पायथ्याशी. बालपणी डोळ्यांच्या दुखण्यामुळे पुस्तक वाचणे अवघड झाले, तेव्हा मुलगा रानात आणि ओढ्याकाठी रमला. पुढे तो बहुभाषी पंडित, वकील आणि काँग्रेसचा सदस्य झाला.

९/ मार्श यांनी लोकरीच्या धंद्यात पैसा घातला आणि गमावलाही. म्हणून त्यांचे निरीक्षण दुरून केलेले नव्हते. ३० सप्टेंबर १८४७ रोजी, वुडस्टॉकच्या पश्चिमेकडील रटलंड येथे त्यांनी शेतकऱ्यांच्या मंडळापुढे भाषण केले. डोंगरांवरील जंगल तोडल्याने पूर, मातीची धूप आणि कोरडे झरे ओढवतात, युरोपातल्याप्रमाणे जंगलाची जपणूक शिकली पाहिजे, असे त्यांनी बजावले. दिनांक लक्षात घेण्याजोगा आहे. आज याच आठवड्यांत लोक पाने पाहायला या डोंगरांत येतात. त्या दिवशीच्या श्रोत्यांना सभोवार दिसत होती ती प्रामुख्याने कुरणे.

१०/ भाषण विवेकाचे होते, परंतु डोंगर विवेकामुळे वाचले नाहीत. मेंढ्यांचे राज्य बाजाराने संपवले. १८२५ मध्ये खुल्या झालेल्या ईरी कालव्याने पश्चिमेकडील सपाट, सुपीक प्रदेश पूर्वेच्या बाजारपेठेशी जोडला होता. ओहायोत लोकर स्वस्तात पिकत होती. १८४६ मध्ये आयातशुल्क घटवले गेले आणि लोकरीचे भाव कोसळले. रेल्वे आली तीही डोंगरातल्या शेतकऱ्याला तारण्याऐवजी त्याच्या स्पर्धकाचा माल दारात आणून टाकू लागली. शेकडो कळप थेट खाटकाकडे गेले.

११/ मग माणसे निघाली. न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन, इलिनॉय, विस्कॉन्सिन अशी पश्चिमेची वाट त्यांनी धरली. १८६० पर्यंत व्हरमाँटमध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक इतर राज्यांत राहत होते. देशाची लोकसंख्या झपाट्याने वाढत असताना व्हरमाँटची १८५० मधील ३ लाख १४ हजार ही संख्या १९०० मध्ये जेमतेम ३ लाख ४४ हजारांवर पोहोचली. यादवी युद्धात लोकरीला थोडा काळ पुन्हा भाव आला. पण त्याच युद्धात राज्याचे ५,००० हून अधिक तरुण मरण पावले. डोंगरमाथ्यावरची घरे एकेक करून रिकामी झाली.

१२/ मार्श त्या वेळी इटलीत अमेरिकेचे राजदूत होते. त्यापूर्वी त्यांनी तुर्कस्तानात काम केले होते. भूमध्य समुद्राकाठचे उजाड डोंगर पाहताना त्यांना आपले गाव आठवत होते. १८६४ मध्ये त्यांचा ‘मॅन अँड नेचर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणूस निसर्गाचे रूप पालटतो आणि ती हानी त्याच्यावरच उलटते, हे त्यांनी देशोदेशीच्या पुराव्यांनी मांडले. अमेरिकेतील वनसंरक्षणाच्या विचाराचा पाया म्हणून हा ग्रंथ ओळखला जातो. त्या पायातला पहिला दगड वुडस्टॉकच्या उघड्या उतारावरचा होता.

१३/ १८६९ मध्ये मार्श यांचे वडिलोपार्जित घर फ्रेडरिक बिलिंग्ज यांनी विकत घेतले. व्हरमाँटचाच हा मुलगा सोन्याच्या शोधाच्या धामधुमीत सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन वकिलीत श्रीमंत झाला होता. पुढे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष झाला. बिलिंग्ज यांनी टॉम डोंगरावर पद्धतशीर वृक्षलागवड केली, नॉर्वे स्प्रूससारखी परदेशी झाडेही लावली, बग्गीचे रस्ते आखले आणि खाली जर्सी गाईंची आदर्श दुग्धशाळा उभारली. मेंढीची जागा गाय घेत होती, आणि दुभत्या गाईला खडा डोंगर नको, सखल हिरवे कुरण हवे असते. वरच्या जमिनी आणखी ओस पडल्या.

१४/ बिलिंग्ज यांची लागवड मोलाची होती, तरी व्हरमाँटचे रान प्रामुख्याने कोणी लावलेले नाही. माणूस उठून गेला म्हणून ते परतले. सोडलेल्या कुरणात अनेक ठिकाणी प्रथम पांढरा पाइन आला. त्याच्या सावलीत रुंद पानांची झाडे रुजली. पुढे पाइन कापले गेले तेव्हा मॅपल, बर्च, बीच आणि अ‍ॅश यांना ऊन मिळाले व त्यांनी डोंगर व्यापला. आज राज्याची सुमारे तीन-चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे. एका शतकात उजाडलेला प्रदेश पुढच्या शतकात झाकला गेला, आणि यासाठी कोणताही मोठा संकल्प सोडला गेला नव्हता.

१५/ या रंगांत मॅपलचा वाटा मोठा आहे आणि त्यामागेही इतिहास आहे. मेंढ्यांच्या काळातही शेतकऱ्याने शुगर मॅपलची राई सहसा राखली, कारण ते झाड साखर देई. हिवाळा सरताना खोडाला भोक पाडून गळणारा रस आटवायचा. सुमारे ४० लिटर रसाचा १ लिटर पाक होतो. ही कला वसाहतकारांनी मूळ रहिवाशांकडून घेतली. गुलामगिरीचे विरोधक तर कॅरिबियन मळ्यांतल्या उसाच्या साखरेऐवजी मॅपलची साखर खा, असा प्रचार करीत. राखून ठेवलेल्या या राया पुढे बीजभांडार ठरल्या.

१६/ रंग येतो कसा? दिवस लहान होऊ लागले की पानातले हरितद्रव्य तुटते आणि त्याखाली झाकलेला पिवळा-केशरी कॅरोटिनॉइड उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. देठाशी बुचासारखा थर तयार होऊन पानातली साखर आत अडकते, आणि त्याच वेळी पान नव्याने अँथोसायनिन घडवते. स्वच्छ ऊन पडलेले दिवस आणि थंड, परंतु गोठवणाऱ्या नसलेल्या रात्री मिळाल्या तर लाल रंग गडद होतो. मेघ, वारा किंवा अवेळी दहिवर आले तर हंगाम फिका जातो. सारा व्यापार अशा दोन-तीन आठवड्यांवर तोललेला असतो.

१७/ रिकाम्या शेतांचे करायचे काय, हा प्रश्न राज्यासमोर होताच. १८९० च्या दशकात राज्याच्या शेतीखात्याने विक्रीयोग्य शेतांच्या याद्या छापून शहरी लोकांना उन्हाळी घरांसाठी बोलावले. वुडस्टॉकला १८७५ पासून २२ किलोमीटरची छोटी रेल्वे होती. ती १९३३ पर्यंत पाहुणे आणत राहिली. १८९२ मध्ये वुडस्टॉक इन हे मोठे हॉटेल उघडले. १९११ मध्ये व्हरमाँटने सरकारी प्रसिद्धी कार्यालय स्थापले. ज्या ओसाडीची एके काळी लाज वाटत होती, तिलाच आता शांतता, टुमदारपणा आणि जुनेपणा अशी नावे मिळाली.

१८/ उघडा डोंगरही विकता येतो, हे १९३४ च्या जानेवारीत सिद्ध झाले. वुडस्टॉकजवळच्या एका शेताच्या कुरणावर फोर्ड मोटारीच्या इंजिनाने फिरणारा दोर लावून बर्फावर घसरणाऱ्यांना वर ओढण्याची सोय झाली. अमेरिकेतील अशी ती पहिली. दोन वर्षे आधी, १९३२ मध्ये, हे गाव मंदीच्या झळा सोसत होते. मेंढ्यांनी चरून गुळगुळीत केलेले उतार आता हिवाळ्यात पैसा देऊ लागले, आणि झाडीने झाकलेले उतार शरदात. नापीक ठरलेल्या त्याच जमिनीला दोन हंगाम लाभले.

१९/ शरदाचा खरा बाजार दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. १९४६ च्या शरदात राज्य सरकारने ‘व्हरमाँट लाइफ’ हे सचित्र त्रैमासिक सुरू केले. रंगीत फिल्म सर्वसामान्यांच्या हाती येत होती, पगारी सुट्टी मिळत होती, घरोघर मोटार होती. पुढे ८९ आणि ९१ क्रमांकांचे महामार्ग झाले, ते वुडस्टॉकच्या पूर्वेला जवळच एकमेकांना छेदतात. बोस्टन आता काही तासांवर आले. १९६८ मध्ये राज्याने रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांवर बंदी घातली आणि १९७० मध्ये जमीनवापराचा कडक कायदा केला. दृश्य हीच संपत्ती आहे, हे राज्याने ओळखले होते.

२०/ वुडस्टॉकमध्ये हे ओळखणारा धनिकही होता. बिलिंग्ज यांची नात मेरी हिचे पती लॉरन्स रॉकफेलर यांनी जुने हॉटेल पाडून १९६९ मध्ये नवे बांधले आणि गावातील विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याचा खर्च उचलला. गावाच्या मध्यावरचा छपराचा लाकडी पूल, ज्याच्यासमोर प्रत्येक प्रवासी छायाचित्र काढतो, तोही १९६९ चा. जुन्या पद्धतीने बांधलेला. १९९२ मध्ये रॉकफेलर दांपत्याच्या देणगीतून, मार्श यांच्या घरासह, टॉम डोंगरावरचे रान राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. गावाचे प्राचीन रूप अशा रीतीने बऱ्याच अंशी विसाव्या शतकाने घडवले.

२१/ याची किंमतही गाव मोजते. हॉटेल, दुकान, मॅपलचा पाक विकणारा शेतकरी, सर्वांचे वर्षाचे गणित या आठवड्यांवर अवलंबून असते, म्हणून गर्दी नको असे कोणी सरसकट म्हणू शकत नाही. मात्र गावातून जाणारा मुख्य रस्ता एकच, ४ क्रमांकाचा, आणि तो तुंबला की शाळेची बस व रुग्णही तुंबतात. राज्यातील घरांचा मोठा हिस्सा केवळ सुट्टीपुरता उघडतो. परिणामी पाहुण्यांच्या खोल्या झाडणाऱ्याला, त्यांना जेवण वाढणाऱ्याला गावात भाड्याचे घर परवडत नाही. १८५० मध्ये लोक डोंगर सोडून गेले कारण लोकर स्वस्त झाली. आज त्यांना जावे लागते कारण घर महाग झाले.

२२/ रान परतले म्हणजे धोका टळला, असेही नाही. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पावसाने ऑटाक्वीची नदी खवळली. व्हरमाँटमधील कित्येक रस्ते वाहून गेले, छपराच्या जुन्या पुलांचे नुकसान झाले, ४ क्रमांकाचा रस्ताही पश्चिमेला तुटला. शरदाच्या हंगामाला महिनाही उरला नव्हता, म्हणून दुरुस्ती रात्रंदिवस चालली. मार्श यांनी पुराचा संबंध उघड्या डोंगरांशी जोडला होता. आज डोंगर झाकलेले आहेत. परंतु वातावरण तापते आहे, अतिवृष्टी वाढते आहे, आणि थंडीवर जगणाऱ्या शुगर मॅपलचे भवितव्यही त्याच हवामानाला बांधलेले आहे.

२३/ पॉमफ्रेटचा बंद रस्ता या इतिहासात ठेवून पाहावा लागतो. प्रवाशाला तो हेकटपणा वाटू शकतो, गावकऱ्याला स्वसंरक्षण. परंतु हा प्रश्न या डोंगरांना नवा नाही. किती मेंढ्या चरल्या तर कुरण टिकते, हे १८४० मध्ये कोणी ठरवले नाही. बाजार देईल तितका भाव आणि उतार पेलेल तितके कळप, एवढाच नियम होता. उतार पेलेनासे झाले ते नंतर समजले. या खेपेस एका छोट्या गावाने तीन आठवड्यांपुरती का होईना, मर्यादा आधीच आखून पाहिली.

२४/ ऑक्टोबर संपतो, पाने गळतात, गाड्या थांबतात. नोव्हेंबरच्या या निष्पर्ण दिवसांत हॉटेलांत खोल्या सहज मिळतात आणि टॉम डोंगराच्या वाटांवर क्वचितच कोणी भेटते. मग उन्हाळाभर पालवीने आणि शरदभर रंगांनी झाकलेले काहीतरी उघडे दिसू लागते. ऐन रानातून, झाडांच्या बुंध्यांमधून, कोठेही न पोहोचवणारे दगडी गडगे सरळ माथ्याकडे गेलेले असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना आता जंगलच आहे. ज्यांनी ते रचले त्यांची मेंढरे तेथे चरत होती, आणि समोर सारे खोरे उघडे पसरलेले होते.